पैलवानाचा खुराक

पाचपरतावणाला माहेरी जाऊन आले, आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी मला डोंगराच्या उतारावर नेऊन उभं केलं. म्हणाले, "सूनबाई, हे रान तुझं."

मी बार्शीची. आमच्याकडची माती काळी. पावसात पाय धरते, आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. तिलाच माती म्हणायची सवय असलेल्या मुलीसमोर हा तांबडाभडक उतार, त्यावर काजूची चार खुरटी झाडं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याने नको असलेला माळ बरा माझ्या गळ्यात मारला. तोंडाने म्हटलं, "छान आहे, आबा."

आबा म्हणजे आकाराम खोराटे, माळवंडीच्या तालमीचे वस्ताद. माळवंडी भुदरगड तालुक्यात, घाटाच्या कडेला. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाटी आहे, तिला इकडे सडा म्हणतात. सड्याखाली उतार आणि उतारावर माझं रान. रानाच्या पायथ्याशी खालच्या आळीची घरं, आळीच्या टोकाला झरा आणि झऱ्याशेजारी आबांची तालीम. एवढं ध्यानात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येऊन ठेपणार आहे.

पहिली काही वर्षं मी त्या रानाशी नुसती भांडत होते. नाचणी लावली, गुडघ्याएवढी होऊन थांबली. रताळी लावली, बोटाएवढी निघाली. खत टाकलं की कुठे जाई कळत नसे. माझा नवरा धैर्यशील तेव्हा कुस्त्या सोडून नुकता शेतीकडे वळला होता. त्याला मी चारचौघांत अहो म्हणते आणि घरात अरे. घरात मी म्हणायची, "अरे, तुमची माती खाते तरी काय? दिलेलं सगळं गिळून बसते." तो हसायचा आणि बांधावर वाकून मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा. तालमीतली सवय. मातीच्या पाया पडणारी ही माणसं पाहून मला सुरुवातीला फार गंमत वाटे. मी काही पडले नाही कधी.

मातीची बाजू घेणारं पहिलं माणूस भेटलं ते म्हणजे माझी नणंद, शर्वरी. ती मातीतल्या सूक्ष्मजीवांची डॉक्टर. पुण्यात प्रयोगशाळेत असते, पण घरी आली की तालमीतल्या पोरांसारखं "मी आलो, मी जातो" सुरू. कोल्हापूरकडच्या बायकांची ती रीतच आहे. लग्न होऊन आले तेव्हा ओसरीवरून येणारे आवाज ऐकून घरात पुरुष नक्की किती, हे मला कळायचं नाही.

एका दिवाळीत ती माझ्याबरोबर रानात आली. पाण्याची कळशी मागितली आणि उतारावर एका जागी ओतली. पाणी क्षणात गडप झालं. मग तिने त्या ओल्या मातीची मूठ भरून घट्ट दाबली आणि हात उघडला. तिथे लाडू वळलेला नव्हता. दाणे-दाणे सुटून खाली पडले.

"तुझ्या बार्शीची माती अशी सुटंल का, वैनी?"

"सुटेल कशी? हाताला चिकटून बसेल."

"आणि ही चिकणमातीच हाय. तुझ्या मातीइतकीच बारीक. मग अशी वाळूगत का वागत्या, सांग."

पुढे तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. या डोंगरावर लाखो वर्षं पाऊस पडतो आहे. दगड कुजून माती झाली आणि पाण्यात विरघळण्यासारखं जे जे होतं ते वाहून गेलं. चुना गेला, पालाश गेलं. उरलं ते न विरघळणारं, त्यात मुख्य लोखंड. ते गंजलं. मातीचा तांबडा रंग म्हणजे तो गंज. हा गंज चिकणमातीच्या बारीक कणांना एकमेकांशी चिकटवतो आणि त्यांचे घट्ट दाणे करतो. दाण्यांमधून पाणी खाली जातं, हवा खेळते. म्हणून ही माती कितीही पाऊस झाला तरी चिखल होऊन बसत नाही, उन्हात भेगाळत नाही. चार पुरुष खोल खणा, तळापर्यंत तशीच. झाडाची मुळं जिथवर जातील तिथवर तिची ना नाही. उतारावर असूनही हा डोंगर इतकी वर्षं जागचा हललेला नाही, तोही या दाण्यांमुळेच.

"खोड म्हणशील तर एकच," शर्वरी म्हणाली. "स्फुरद. पिकाला स्फुरद लागतंय, आणि ते ह्या गंजाला चिकटून बसतंय. तू घातलेलं समदं खत हितंच हाय, वैनी. कुठं गेलेलं न्हाई. फक्त माती मूठ उघडत न्हाई."

मी त्या उताराकडे पाहिलं. इतकी वर्षं जिला चोर म्हणत होते, तिने सगळं जपून ठेवलं होतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

त्या सुमारास स्फुरदाच्या खताची जगभरच ओढाताण सुरू झाली होती. ज्या दगडापासून ते करतात त्याच्या चांगल्या खाणी संपत आल्या होत्या, आणि ज्या देशांकडे उरल्या होत्या ते द्यायला तयार नव्हते. त्यामुळे मातीची मूठ कशी उघडायची, यामागे अनेक देशांतले शास्त्रज्ञ लागले होते. शर्वरीला उत्तर सापडलं ते आबांच्या तालमीत.

तालमीच्या हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती ही नुसती माती नसते. ह्याच डोंगराची तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर घालून ती मुरवायची. वर पैलवानांचा घाम. माळवंडीच्या हौद्यातली माती कधी टाकून देत नाहीत, दरवर्षी नवी घालून जुनीत मुरवतात. शेजारच्या गावात नवी तालीम निघाली की इथली एक पाटी माती तिकडे जाते, विरजण म्हणून. आणि रोज पहाटे पोरं कुस्तीआधी सगळा हौदा फावड्याने उकरतात. तोच त्यांचा पहिला व्यायाम.

शर्वरीने त्या हौद्यातली चमचाभर माती पुण्याला नेली. तिच्यात एक जिवाणू निघाला. हवा असेल तेव्हा तो आपल्यासारखा हवेवर जगतो. ताकाने, पाण्याने माती कोंदली आणि हवा संपली की तो गंजावर श्वास घेतो. हवेचं काम गंजाकडून करून घेतो म्हणा. तसं करताना गंज विरघळतो आणि त्याने धरलेलं स्फुरद सुटं होतं. फावड्याने माती उकरली की हवा येते, लोखंड पुन्हा गंजतं, कण पुन्हा बांधले जातात. असे गंजावर जगणारे जीव जगात इतरत्रही आहेत. पण कोंडलं की दम धरणारा आणि हवा मिळाली की मुकाट थांबणारा असा शिस्तीचा गडी कुणाला मिळाला नव्हता. पिढ्यान् पिढ्या पोरांनी त्याच्याकडून रोज ही कसरत करून घेतली होती.

शर्वरीने त्याला एक लांबलचक शास्त्रीय नाव दिलं. माळवंडीत ते कुणी उच्चारलं नाही. गावाने त्याचं नाव ठेवलं पैलवान.

पैलवान सोडून बघायला पहिलं रान माझं ठरलं, कारण दुसरं कुणी द्यायला तयार नव्हतं. शर्वरीने उतारावर जागोजागी दोन पुरुष खोल नळ्या उतरवल्या, आत काय चाललंय त्याचे नमुने घ्यायला. मग पाण्यातून पैलवान सोडला. आबांनी नारळ फोडला. जाताना शर्वरीने सगळ्यांना उभं करून बजावलं, "ह्याला वरनं खायला काय घालायचं न्हाई. मातीत हाय तेवढं बास. आणि दर पंधरवड्याला रान उकरायचं."

त्या वर्षी माझ्या रानात रताळी निघाली ती हातात मावेनात. वेल उपटायला गेले तर खालून माती उचलून आली. नाचणीची कणसं मुठीसारखी भरली. लोक बघायला येऊ लागले. खालच्या आळीतली तानीमावशी, जिचं घर उताराला अगदी टेकून आहे, ती रोज बांधावर येऊन बसे आणि म्हणे, "पैलवान राबतोय बाई." मीही बसे तिच्याजवळ. मला त्या रानाचा इतका अभिमान वाटू लागला की बार्शीला फोन करून मी काळ्या मातीवाल्यांना टोमणे मारायला लागले. रान सासऱ्यांनी दिलं होतं तेव्हा कागदावर माझं झालं होतं. खरं माझं झालं ते त्या वर्षी.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला भावाची घरभरणी होती, म्हणून मी बार्शीला गेले आणि आईच्या आग्रहाने महिना-दीड महिना रेंगाळले. परत आले ती सरळ रानात. चपला बांधावर काढल्या आणि उतारावर पाय ठेवला.

मातीने पाय धरला.

खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. माहेरची सवय असलेले पाय ते. घोट्याशी मऊ, थंड पकड आली आणि मला बापाच्या शेतातला पावसाळा आठवला. मग पाय ओढला तर तळव्याला भाकरीएवढा गोळा चिकटून आला. ही माती पाय धरत नाही. आणखी वर गेले. काजूचं एक झाड खाली कललं होतं. झऱ्यावर गेले तर पाण्यावर तेलासारखा तवंग आणि काठाला नारिंगी बुळबुळीत साय. तानीमावशीने घागर दाखवली. "भरताना नितळ असतंय बाई, ठेवलं की लाल हुतंय."

मी तिथूनच शर्वरीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचली. एका नळीतून तिने आतली माती ओढून काढली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. तांबडी नव्हती. राखेसारखी, निळसर झाक असलेली. शर्वरीने ती मुठीत दाबली आणि हात उघडला. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला.

तिने नळीचं तोंड हुंगलं. "खायला कुणी घातलंय?"

धैर्यशील जमिनीकडे बघत होता.

"दादा."

"खुराक दिला," तो म्हणाला.

"काय?"

"खुराक. ताक, आणि थोडं गुळाचं पाणी." मग एकदम मान वर करून म्हणाला, "अगं, पैलवान एवढं रान राबवतोय, आणि त्याला उपाशी ठेवायचा? आपल्या तालमीत असलं कधी झालंय का?"

"मी सांगितलं हुतं की नको म्हणून."

"तू डॉक्टर हाईस. डॉक्टर समद्याला नकोच म्हणतंय."

तानीमावशी हळूच पुढे आली. "मी बी घातली गं. बदामाची थंडाई. एकदाच न्हाई, दर सोमवारी."

मग एकेक जण बोलू लागला. आळीतल्या प्रत्येक घराने घातला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपणच घालतोय. या भागात पैलवानाला खुराक देणारा बोलून दाखवत नाही, ती रीत नव्हे. आणि घालायला नळ्या होत्याच, सरळ दोन पुरुष खोल जाणाऱ्या. रान उकरायचं कामही मी नसताना राहून गेलं होतं. शेवटी आबा खाकरले आणि म्हणाले, "तूप मी घातलं."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण शर्वरी हसत नव्हती.

आम्ही तालमीच्या पारावर बसलो. शर्वरीने उभ्यानेच सांगितलं. भरपूर खाऊन पैलवान खोलवर वाढला होता. आतली हवा संपवून गंज विरघळवत सुटला होता. दाणे बांधणारा सांधाच गेला होता. उतार अजून वरच्या सालीच्या आणि मुळांच्या जोरावर उभा होता. परतीचा पाऊस आठवड्याअखेर सांगितलेला. तो आत शिरला की रान खाली येणार, आळीवर आणि तालमीवर.

"माणसं हलवू," धैर्यशील म्हणाला.

"माणसं आजच हलवायची. पण घरं?"

"नळ्यांतनं हवा सोडली तर?" मी विचारलं. तिच्याकडूनच शिकले होते ना.

शर्वरी माझ्याकडे वळली. "सोडता येईल, वैनी. हळूहळू लोखंड जाग्यावर गंजंल, दाणे परत हुतील, रान वाचंल. पण त्याला वेळ लागतोय. पाऊस थांबणार न्हाई."

"आणि दुसरा काही उपाय?"

आबांनीच तिच्या वतीने सांगितलं, कारण जांभ्याच्या खाणीत त्यांनी तरुणपणी कामं केली होती आणि त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. खाणीत दगड ओला असताना मऊ असतो, कापून काढतात. ऊनवारा लागला की तोच दगड असा घट्ट होतो की त्याच्या भिंती पिढ्यान् पिढ्या उभ्या राहतात. रानात चर खणायचे, वरून खालपर्यंत, नळ्यांच्या खोलीइतके. पाणी निघून जाईल, हवा आणि ऊन एकदम आत जाईल, आणि विरघळलेलं सगळं लोखंड एका दमात घट्ट होईल.

"म्हंजे रानाचा दगड हुईल," शर्वरी म्हणाली. "कायमचा. त्यावर परत काय येणार न्हाई. रान तुझं हाय, वैनी. मी कुणाला विचारू? तुलाच."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मला राग आला. धैर्यशीलचा आला, तानीमावशीच्या थंडाईचा आला, आबांच्या तुपाचा आला. शर्वरीचाही आला, की तिने तो चमचा हौद्यात घातलाच कशाला. मी उठून उतारावर गेले. वेलांना अजून पानं होती. एक वेल उपटला, खाली रताळी होती, गुलाबी, गुबगुबीत. मी तिथे बसून रडले. इतकी वर्षं लागली होती त्या मातीला माझं व्हायला आणि मला तिचं व्हायला. तिथून खाली तानीमावशीचं कौल दिसत होतं, अंगणात वाळत घातलेलं धुणं दिसत होतं. माझ्या पायांखालचं सगळं हललं तर आधी तिच्यावर जाणार होतं.

खाली येऊन मी फक्त एवढंच म्हटलं, "उद्या उजाडताच लागा. आणि आज मला रताळी काढू द्या."

तिन्हीसांजेपर्यंत आळीतल्या सगळ्या बाया पाटाबिटांना दोर बांधून, पाय रुतू नयेत म्हणून त्यावर पालथ्या पडून रताळी काढत होत्या. काढलेली रताळी डोक्यावरून वरच्या आळीतल्या शाळेत नेली, आणि मागोमाग माणसं, म्हशी, भांडी.

मऊ उतारावर यंत्र चढेना. एक आणून पाहिलं, ते काठालाच रुतलं. हातांनीच खणायचं होतं. धैर्यशीलने तालमींना फोन लावायला सुरुवात केली. तो काय बोलत होता ते मी ऐकत होते. कुणाला काही समजावत नव्हता, नुसतं म्हणत होता, "माळवंडीचा हौदा उकरायचाय. मोठा हाय." सकाळी उजाडलं तेव्हा रस्त्यावर टेंपो लागले होते. ज्या ज्या तालमीत माळवंडीचं विरजण गेलं होतं, तिथले पैलवान उतरत होते. पोरं होती, पोक्त झालेले होते, कान मोडलेले होते, लांब वेण्या घट्ट बांधलेल्या पोरी होत्या. प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं. उताराच्या पायथ्याशी आले की वाकत आणि माती कपाळाला लावत.

शर्वरीने कामाची पद्धत ठरवून दिली. पायथ्याकडून सुरुवात, एका वेळी लहानसा टप्पा, दोन्ही बाजूंना बांबूचा आधार आणि आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. ती चिखलात घोट्यापर्यंत रुतून प्रत्येक टप्पा स्वतः तपासत होती. तिच्या हातून चूक झाली नव्हती, तरी ती सगळ्यांत पुढे होती. आम्ही एवढे जण घाबरलेलो असताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. इतकं शांत माणूस मी पाहिलेलं नाही. ती माझी नणंद आहे म्हणून नाही सांगत, नणंदेचं कौतुक करायची मला काही हौस नाही.

फावडी एका लयीत पडत होती. आबांना कुणी आत उतरू देईना, तर ते काठावर उभे राहून दमाचे आकडे मोजत होते, रोज पहाटे हौद्यावर मोजतात तसेच. चराच्या भिंती उघड्या पडल्या तेव्हा त्या राखाडी होत्या, मेल्यासारख्या. मी वाकून बघत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्यावर पिवळसर झाक आली. जेवणाची वेळ होईपर्यंत नारिंगी. दुपार कलली तेव्हा सकाळी खणलेला सगळा चर तांबडा झाला होता. हवा लागताच माती आपला रंग परत घेत होती. एका पोरीने फावडं थांबवून त्या भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "शुद्धीवर आली की." मला तेव्हा त्या मातीबद्दल जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. तिचा सांधा न् सांधा सुटला होता, तरी श्वास मिळताच ती पहिलं काम करत होती ते स्वतःला बांधायचं.

धैर्यशील दिवसभर चरात होता. वर ये म्हटलं तर येईना. मी भाकरी घेऊन काठावर बसले.

"खा."

"नको."

"अरे, खुराक बंद करून शिक्षा कुणाला देतोयस? फावडं हलकं पडायला लागलंय तुझं."

त्याने भाकरी घेतली. खाताना रडत होता, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पाऊस सांगितल्याप्रमाणे आला आणि धो धो आला. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून बघत होतो. चरांतून तांबडं पाणी ओढ्यासारखं धावत होतं. काजूचं कललेलं झाड मुळासकट खाली आलं आणि पहिल्या चरात अडकलं. उतार हलला नाही. पाऊस ओसरल्यावर तानीमावशी घरी गेली आणि सगळ्यात आधी तिने अंगणातलं धुणं आत घेतलं.

जायच्या आधी पैलवानांनी एक गोष्ट केली. प्रत्येक तालमीने चराच्या काठची एकेक पाटी माती भरून घेतली, ताज्या तांबड्या झालेल्या दाण्यांची. जिंकलेल्या मैदानाची माती आपल्या हौद्यात मिसळायची त्यांची रीत आहे. मी तेव्हा इतकी थकले होते की ते नुसतं बघितलं, त्याचा विचार केला नाही.

उन्हाळा आला तोवर रानाचा दगड झाला. कुदळ मारली की ठण्ण आवाज यायचा. शर्वरीचा पैलवान आता बऱ्याच ठिकाणी काम करतो, पण फक्त सपाट रानात, आणि त्याच्या पिशवीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की खुराक देऊ नये. माझ्या रानाकडे मात्र मी जाईनाशी झाले. बांधावरून वळून जायची. धैर्यशील दुसरं रान कसायला घेऊ म्हणायचा, मी उठून चुलीकडे जायची. राग गेला होता. त्याच्या जागी काय होतं ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या माघात आजऱ्याकडच्या एका तालमीत मुलींच्या कुस्त्या होत्या. आबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, म्हणून आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. मैदान सुरू व्हायला वेळ होता. मी हौद्याच्या काठावर बसले होते. एक मुलगी आत उतरली, वाकली, माती कपाळाला लावली. चराच्या भिंतीला हात लावणारी ती हीच. तिने मला ओळखलं.

"काकी, तुमचं रान ह्यातच हाय," ती म्हणाली. "रोज उकरतोय आम्ही."

मी चपला काढल्या, हौद्यात उतरले. माती कोमट होती, तिला ताकाचा आणि हळदीचा वास होता. पाय कुठे धरला गेला नाही. मी वाकून मूठ भरली, घट्ट दाबली आणि हात उघडला. दाणे-दाणे सुटून खाली पडले.

बोटांना लागलेली माती मी कपाळाला लावली. काठावर धैर्यशील उभा होता, मला हात द्यावा की नाही या विचारात. मी स्वतःच हात पुढे केला.

"चल," मी म्हटलं. "रान बघून झालं. आता ते दुसरं कुठलं कसायला घेऊ म्हणत होतास, ते दाखव."